वाळूत रोवलेले कान

लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. मी घराच्या मागच्या पडवीत तांदूळ पाखडत होते आणि पुढच्या ओसरीत मामाजी, म्हणजे माझे सासरे उदाराम, आणि त्यांचा लेक यांची जुंपली होती. सुनेनं ऐकू नये असं ते भांडण होतं. म्हणून मी सूप खाली ठेवलं. सुपाच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हतं.

"धान अजून घरात आला नाही तर तू चालला! धानाच्या तणसीचा ढीग कोण रचीन? बैल कोण पाहीन? घर कोण शाकारीन?"

"पाण्याच्या अगोदर येतो ना बाबूजी. रोवण्याले हजर राहतो."

"अन् मधात काय करशीन?"

"पार्टीत राहीन. तेल पाहायची पार्टी आहे, राजस्थानात. जमिनीच्या पोटात तेल आहे का नाही, ते पाहतेत."

"आपल्या वावराच्या पोटात काय आहे ते पाह्यलं काय कधी? लोकाच्या जमिनीचं पोट पाहाले चालला मोठा डाक्टर!"

"वावरात धान आहे, तो दिसते. जे दिसत नाही ते पाहाचं आहे मले."

"दिसत नाही ते पाहाचं असन तर डोळे मिट अन् इथंच बस," मामाजी म्हणाले आणि उठून गोठ्याकडं गेले. दिवाळी झाल्यावर लेक राजस्थानला गेला.

या भांडणातून मला एकच शब्द समजला, तेल. मी माहेरी जाऊन सांगितलं, जावई तेलाच्या धंद्यात गेले. आईनं ते गावभर केलं. उन्हाळा सरता सरता हे परत आले, तेव्हा आईनं आमच्याकडं दोन रिकामे पिपे पाठवून ठेवले होते. आणि जावईबापू उतरले ते कानात वाळू, ओठ फाटलेले, आणि डोक्याला लावायलाही तेल नाही असे. पिपे मी पुढं कोंडा भरायला वापरले.

यांचं नाव नंदलाल. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायची आमच्यात चाल नाही, पण लिहिताना तोंड बंदच असतं, तेव्हा चालतंय.

काम काय होतं ते मला कळायला किती वर्षं लागली ते विचारू नका. जमिनीत खोल भोक पाडून सुरुंग उडवायचा. त्याचा आवाज खाली खाली जातो, दगडाच्या एकेका थरावर आपटतो आणि परत वर येतो. वर ऐकायला ओळीनं कान लावून ठेवलेले असतात. मुठीएवढा डबा, खाली टोकदार खिळा, मागं वायर. त्याला ते लोक फोन म्हणत, हे मात्र घरी बोलताना कानच म्हणायचे. वाळवंटात मैलोगणती सरळ रेघ धरून असे कान रोवत जायचे आणि काम झालं की उपटून पुढं न्यायचे. दिवाळीपासून ते पहिल्या पावसापर्यंत. आमचा धान निघाला की यांचा हंगाम सुरू, आणि पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकायच्या वेळेला हे घरी.

आमच्याकडची माणसं पार्टीला आवडत, म्हणे. वाकून काम करतात आणि ओळ धरतात. आता हे ऐकून मला हसू नाही आलं तर काय येईल? आमच्याकडं रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करतो आम्ही बायका! हे तर बांधावर उभं राहून "ओळ वाकडी होऊन राहिली" एवढंच म्हणायचे. पण पाहून पाहून डोळ्यात बसलं असेल. पहिल्या वर्षी यांनी ते कान धानाच्या रोपासारखे रोवले. दोन बोटांनी टोचायचे आणि मागं मागं चालायचं. मागं चालता चालता टाच वायरीत अडकली आणि अख्खी माळच्या माळ उपटून हे वाळूत उताणे.

साहेब धावत आला. "अरे, पीछे क्यों चल रहे हो?"

"हमारे यहाँ ऐसेच रोवते, साहब."

मग शिकले. वरची भुसभुशीत वाळू टाचेनं बाजूला सारायची, गवत असेल तर काढायचं, खालची घट्ट जमीन लागली की कान सरळ उभा करायचा आणि पायानं दाबायचा. कान सैल राहिला तर तो वारा ऐकतो, घट्ट बसला तर जमीन ऐकते. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. पुढं दर आषाढात हे माझ्या रोवण्यात उतरून रोपं हलवून पाहायचे. "हे सैल आहे. हेही सैल आहे."

"हा धान आहे जी," मी म्हणायची. "याले तेल ऐकाचं नाही."

पण एक गोष्ट यांना कधी पाहायला मिळाली नाही. त्या कानांनी ऐकलेल्याचा पुढं फोटो निघतो, जमिनीच्या पोटाचा. आवाज उतरवून घेणारी गाडी लांब उभी असे. तिच्यात थंड हवा, आणि आत साहेब लोक. रोवणाऱ्यानं पायरीच्या खालीच थांबायचं. फोटो तर त्याहून लांब, कुठल्या मोठ्या शहरात बनायचा. जवानी त्या कामात गेली, पण आपल्या रोवण्याला काय आलं ते या माणसानं पाहिलं नाही.

"पाहून काय करता जी?" मी एकदा म्हटलं.

"तू रोवणा करून धान न पाहता घरी येशीन काय?"

मी नाही म्हटलं. एवढी अक्कल मलाही होती.

गावात मात्र माझी जीभ थांबली नाही. यांनी सांगायचं, मी फक्त कान रोवतो. मी सांगायची, आमचे हे जमिनीच्या आतलं पाहतात. मग काय व्हायचं ते झालं. आमच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, बोअर करायची होती, तर चौकातला चहावाला कैलाश हात जोडून दारात. "काकाजी, पाणी कुठं आहे ते दाखवा." हे म्हणतात, मला समजत नाही. मी आतून म्हणते, "लाजतेत ते." शेवटी भर उन्हात यांना वावरभर फिरवलं. फिरून फिरून हे एका मोहाच्या झाडाखाली सावलीला टेकले, तर लोकांनी तिथंच खूण केली. खणलं. दगडाची भुकटी निघाली. पुढं बरेच दिवस कैलाश मला पाहिलं की चहात साखर कमी टाकायचा.

आता भूमिकाचं सांगते. आमचा मुलगा हेमेंद्र कुडव्याला राहतो, बी-बियाण्याचं दुकान आहे. भूमिका त्याची मुलगी. नागपूरला शिकली, मग आणखी कुठं कुठं शिकली आणि अहमदाबादला एका तेलाच्या कंपनीत लागली. काम काय, तर ते फोटो पाहायचे! फोनवर हे ऐकल्यावर यांनी आधी उठून अंगात सदरा घातला, मग बोलले. "तू फोटो पाहतेस? रोज?"

"रोजच आबा. डोळे दुखेपर्यंत."

नंतर एकदा तिनं फोन करून यांना वर्ष विचारलं, मुक्कामाचं गाव विचारलं, ओळ कोणत्या दिशेनं जायची ते विचारलं. मला वाटलं, पोरगी कोणाची तरी पत्रिका मांडून राहिली आहे.

दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, असते, तेव्हा ती आली. दुपारी सगळं गाव मंडईत, आणि आम्ही तिघं अंगणात बाजेवर. तिनं लॅपटॉप उघडला. यांनी हातपाय धुतले, चष्मा पुसला, आणि देवापुढं बसावं तसे बसले.

"आबा, ही तुमची लाइन. तुम्ही सांगितलं तेच वर्ष, तेच गाव."

मी वाकून पाहिलं. काळ्या-तांबड्या रेघा, एकाखाली एक. "अवो बाई," मी म्हटलं, "हे तर लुगड्याचे काठ आहेत!"

भूमिका हसली. हे हसले नाहीत. बोटानं रेघ न रेघ पाहत होते, काचेला न लावता. मग तिनं एका जाड रेघेवर बोट ठेवलं. "हा चुनखडीचा थर. पूर्वी तिथं समुद्र होता. शिंपल्यांचा चुरा साचून साचून हा दगड झाला. आम्ही सध्या याच्याच मागं आहोत."

"त्याच्यात तेल राहते?" मी विचारलं.

"राहिलं तर भोकांत राहते, आजी. वाळूचा दगड सरळ असतो, बराचसा सगळीकडं सारखा. चुनखडी लबाड. एकाच थरात इथं अगदी घट्ट, आणि थोडं पुढं गेलं की पाण्यानं विरघळून भोकंच भोकं."

"म्हणजे आयत्यासारखं," मी म्हटलं. तांदळाच्या पिठाचा आयता तव्यावर टाकला की मधात जाळी पडते आणि काठाला तो घट्ट राहतो.

"तसंच. फक्त हा आयता दोन किलोमीटर खाली आहे आणि उलटून पाहता येत नाही. आवाजावरून ओळखायचा. घट्ट दगडावर आवाज आपटला की जोरात परत येतो, रेघ गडद उमटते. भोकं असली की आवाज नरम येतो, रेघ पुसट होते. हे पाहा, इथं पुसट आहे."

"म्हणजे इथं भोकं!" हे एवढ्या मोठ्यानं बोलले की बाजेखालची कोंबडी पळाली.

भूमिकानं माझ्याकडं पाहिलं, मग यांच्याकडं. "भोकं असतील. नाहीतर... त्या तुकड्यात वरचे कान सैल लागले असतील, आबा. कान सैल असले की वरपासून खालपर्यंत सगळेच थर पुसट येतात. इथं वरचे थरही जरासे पुसट आहेत. माझे साहेब म्हणतात, जुनं काम आहे, मजुरांनी वाळूत कसेही खुपसले असतील."

मंडईतल्या पाळण्याचा भोंगा तेवढा ऐकू येत होता.

"आठवते काय आबा, तिथं जमीन कशी होती? वाळूच्या टेकड्या होत्या का? रस्ता होता? मला तेवढंच कळलं तरी खूप आहे."

हे डोळे मिटून बसले. मी मान हलवू लागले, जसं काही मलाच आठवून राहिलं आहे. मग हे म्हणाले, "तिथं एका बुढीनं आमाले ताक पाजलं होतं. बाजऱ्याची रोटी. अन् लसणाची चटणी."

"जमीन, आबा. जमीन कशी होती?"

"चटणी गजब होती पोरी."

भूमिका पोट धरून हसली, मीही हसले. यांनी चष्मा काढून घरात ठेवला आणि मंडईत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी भूमिका परत गेली. यांनी गोठ्यातले सगळे खुंटे उपटले आणि एकेक पुन्हा रोवला, पायानं दाबून दाबून. गाय बिचारी पाहत राहिली. जेवायला बसले तर भात तसाच. मी म्हटलं, काय झालं जी?

"हेमेंद्रची माय, ते कान सैल असतीन, तर मी तिकडं कायले गेलतो? इकडं बाप एकटा तणीस रचत होता. इकडं हेमेंद्र तापानं फणफणला तरी मी नव्हतो. अन् तिकडं मी वारा ऐकवून राहिलो होतो काय?"

मला सुचत नाही तेव्हा मी भात वाढते. तोच वाढला.

भूमिकाला तिचं काम होतं आणि आता त्यात आजोबाचं नाव अडकलं होतं. थंडीभर तिनं ते जुने आवाज, तिच्याच शब्दात, पुन्हा धुऊन काढले. वरच्या वाळूमुळे आलेला मळ काढला, शेजारच्या दुसऱ्या ओळीशी ताडून पाहिलं. होळीच्या सुमारास तिचा फोन आला. वरच्या थरांचा पुसटपणा धुतल्यावर बराचसा गेला, चुनखडीचा तसाच राहिला. तिनं साहेबांपुढं आपल्या नावानं सांगितलं होतं की इथं भोकं आहेत. आणि साहेबांनी तिथं एक विहीर खणून पाहायचं ठरवलं होतं. "आता खरं काय ते दगडच सांगेल, आबा," ती म्हणाली.

मग मी देवांच्या मागं लागले. सडक अर्जुनीच्या देवळापासून चिचगडच्या जंगलातल्या देवापर्यंत, जो कोणी जाणारा भेटेल त्याच्या हाती नारळ पाठवला. तेल लागू दे म्हणून. यांना कळलं तर म्हणतात, "तेल नोको मागू. भोकं माग."

"देवापुढं भोकं मागू? असं मागणं कोणी मागते काय जी?"

"तेल असणं नसणं त्या जमिनीचं नशीब. भोकं असली म्हणजे कान घट्ट होते."

मी मागितली नाहीत. देवाला काय वाटेल, म्हणून. पुढच्या नारळाला मात्र हळूच म्हटलं, त्यांना पाहिजे ते पण दे.

उन्हाळ्यात एका सकाळी फोन वाजला. हेमेंद्रनं मला स्पीकर लावायला शिकवलं आहे, ते मी दाबलं. भूमिकाचा आवाज बसलेला. "आबा, तेल नाही लागलं. खारं पाणी लागलं."

मी तिथंच उंबरठ्यावर बसले. एवढे नारळ! हे मात्र फोनजवळ सरकले.

"पाणी कशात लागलं?"

"चुनखडीत."

"चुनखडीत कुठं?"

"भोकांत, आबा. भरपूर भोकं आहेत. फोटोत दिसली तिथंच. पण भोकांत काय भरलं आहे ते या फोटोत समजत नाही. दगडच एवढा कडक, की आत तेल असो की पाणी, आवाज जवळपास सारखाच येतो. तिथं मी चुकले."

"म्हणजे कान घट्ट होते."

"होय, आबा. घट्ट होते," ती म्हणाली, आणि मग ती रडत होती की हसत होती ते स्पीकरवरही कळलं नाही.

यांनी टोपी घातली, सायकल काढली आणि सडक अर्जुनीला जाऊन पेढे आणले. पहिला पेढा चौकात कैलाशला, डबा घेऊन मी मागं.

"तेल लागलं काय काकाजी?"

"नाही! खारं पाणी!"

कैलाशचा पेढा तोंडाशीच राहिला. "मंग पेढे कायचे?"

"भोकाचे!"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "काकीजी, याईले ऊन लागलं काय?"

आणि मी, जिनं तेलासाठी देवांना भंडावून सोडलं होतं, ती हातात डबा घेऊन म्हणते, "खा ना बाप्पा. चांगली भरपूर भोकं लागली."

"लागलं म्हणा शेवटी पाणी," कैलाश पेढा चावत म्हणाला. "टोलीत दाखवलं तर राजस्थानात लागलं. थोडं लांब लागलं एवढंच."

त्यावर हे एवढे हसले की खोकला आला. घरोघर फिरले. कोणाला काही समजलं नाही, पण पेढा सगळ्यांनी खाल्ला. खुंट्यांना त्यानंतर यांनी हात लावला नाही. भूमिकाला ऑफिसात बोलणी बसली. पण भोकं तिनं सांगितली तिथंच निघाली, म्हणून पुढची जागा पाहायलाही तिलाच बसवलं.

पोळ्याच्या आधी हे वारले. सकाळी उठलेच नाहीत. त्याच्या थोडे दिवस आधी, रोवणा आटपल्यावर, भूमिका भेटून गेली होती. तिला सडक अर्जुनीला नागपूरच्या बसमध्ये बसवून देणं हे यांचं ठरलेलं काम. तो यांचा शेवटचा फेरा. तेव्हा आम्हाला कुठं माहीत होतं?

सायकलच्या कॅरिअरला तिची बॅग, हँडलला चिन्नोर तांदळाची पिशवी, आणि ती शेजारून चालत. मी फाटकापर्यंत गेले. ती सांगत होती की आता त्या वाळवंटात नव्यानं काम होणार, आता सुरुंग नाहीत, जमीन हलवणाऱ्या मोठ्या गाड्या असतात आणि कानांना वायरही नसते.

"वायर नाही? मंग कोणी उपटून नेलं तर?"

"नेतात कधी कधी, आबा."

"पाहा! अन् रोवतेत कोण? यंत्र?"

"नाही, माणसंच रोवतात."

"त्याईले सांगशीन, आधी टाचेनं वाळू सारा म्हणून."

"सांगते."

"अन् पायानं दाबा म्हणा."

पुढचं भूमिकानं सांगितलं. हायवेवर बस थांबली. यांनी नेहमीप्रमाणे खिडकीतून खांद्यावरचा दुपट्टा टाकून जागा धरली. ट्रकमागून ट्रक जात होते, त्या आवाजात कंडक्टरला ओरडून सांगितलं, "पोरगी आहे आमची, नागपूरले नीट उतरवा." ती पोरगी एकटी विमानानं फिरते, हे कंडक्टरला काय माहीत. तांदळाची पिशवी तिच्या पायाशी ठेवली आणि हलू नये म्हणून सीटखाली नीट सारली. बस निघाली तरी खिडकीबरोबर चार पावलं चालले.

मग बाजारातून हिरव्या मिरच्या घेतल्या, सायकलमध्ये हवा भरली आणि जेवायच्या वेळेला घरी आले. सायकल भिंतीला लावली. मिरच्या माझ्यापुढं ठेवल्या.

"बस वेळेवर आली," म्हणाले. "खिडकीची जागा भेटली तिले. वाढ."